विज्ञान केंद्राची सहल: मांडण्या कमी, थांबणं जास्त

प्रश्न थोडक्यात असा: सातवीची साठ मुलं हाताळून बघायच्या विज्ञान संग्रहालयात न्यायची आहेत. मागच्या वेळी मुलं या मांडणीवरून त्या मांडणीवर धावत सुटली, दिसेल ती कळ दाबली, कार्यपत्रिका एकमेकांच्या बघून भरल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तर "खूप मजा आली" याच्या पुढे कोणाला काही सांगता येईना. यंदा काय वेगळं करावं?

आधी मुलांची बाजू घेतो. त्यांचं ते धावणं म्हणजे बेशिस्त नव्हे. नव्या जागी गेल्यावर कोणाचंही लक्ष आधी जागेकडे जातं: तो आवाज कुठून येतोय, स्वच्छतागृह कुठे आहे, आपला मित्र कोणत्या गटात गेला. फॉक, मार्टिन आणि बॉलिंग या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये शालेय क्षेत्रभेटींवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. जागा अनोळखी असली की मुलं आधी जागेशी जुळवून घेण्यात गुंततात आणि नेमून दिलेलं शिकणं मागे पडतं. दारातून आत पाऊल टाकताक्षणी "चला, पहिला प्रश्न सोडवा" म्हटलं, तर तो प्रश्न वाया गेलाच म्हणून समजा.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करायचे. एक म्हणजे जागेचं नवेपण आधीच थोडं उतरवायचं. सहलीच्या एक-दोन दिवस आधी अर्धा तास काढून फळ्यावर इमारतीचा नकाशा काढा, आतले फोटो दाखवा. दप्तरं कुठे ठेवायची, डबा कधी आणि कुठे खायचा, दुकानात जायला मिळणार की नाही, सगळं सांगून टाका. मुलांच्या डोक्यात हेच प्रश्न घोळत असतात. ते सुटल्याशिवाय प्रकाशाचं परावर्तन डोक्यात शिरत नाही. दुसरा उपाय असा की आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं मोकळी सोडा. त्या वेळात काही विचारू नका, काही लिहायला लावू नका. धावून घेऊ दे, कळा दाबून घेऊ दे. ही वीस मिनिटं कापून तीच एखाद्या मांडणीला द्यावीत असा मोह हमखास होतो. तो आवरा, कारण त्यांच्यावरच पुढचा तास उभा असतो.

आता मुख्य मुद्दा. केंद्रात शंभर मांडण्या आहेत आणि हातात दोन तास आहेत असं धरा. सगळं बघायचं ठरवलं तर एकेकीच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येतं आणि त्यातही चालणं आलं. मिनिटभरात मूल कळ दाबतं, काहीतरी हलतं, पुढे जातं. काय बदललं की काय बदलतं, हे कळायला तीच गोष्ट सहा-सात वेळा करून बघावी लागते आणि त्याला दहा-बारा मिनिटं हवीतच. म्हणून एका गटाने ठरवून तीन मांडण्या कराव्यात. तीनच. बाकीचं बघायला मोकळा वेळ आहेच. "एवढ्या लांब आलोय तर सगळं दाखवू" हा विचार प्रेमापोटी येतो, पण मागच्या सहलीचं जे झालं त्याचं मूळ त्यातच आहे.

या मांडण्या निवडायला शिक्षकाने आधी एकदा, मुलांशिवाय, जाऊन यायला हवं. संकेतस्थळावरचे फोटो पाहून निवडलेलं अर्धं तरी चुकतं. निवडताना चार गोष्टी बघा. मुलांना स्वतः बदलता येतील अशा निदान दोन गोष्टी आहेत का: अंतर, वेग, कोन, वजन, क्रम. चौघांना एकाच वेळी नीट दिसतं का. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायला किती वेळ लागतो. अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत असेल तर मुलं कंटाळतात. आणि फलक न वाचता सुरुवात करता येते का. कळ दाबली, दिवा लागला, निवेदन ऐकू आलं, संपलं, अशा मांडण्या या यादीत घेऊ नका. त्या वाईट नसतात, पण तिथे मुलांना करण्यासारखं काही उरत नाही.

गणित असं बसतं. साठ मुलं, चार-चारचे पंधरा गट. सगळे एकाच वेळी कामाला लागणार, म्हणजे पंधरा मांडण्या लागतील. वर तीन राखीव ठेवा, कारण हाताळण्याच्या मांडण्या मोडतात आणि कोणत्याही दिवशी दोन-तीन बंद असतात. केंद्र लहान असेल तर अर्धा वर्ग तारांगणात किंवा प्रात्यक्षिकाच्या कार्यक्रमात बसवा, अर्धा दालनात ठेवा आणि नंतर अदलाबदल करा. मग आठ मांडण्या आणि दोन राखीव एवढ्यात भागतं. तारांगणाची वेळ मात्र डब्यानंतर लगेच घेऊ नका. अंधार, गार हवा, मऊ खुर्ची आणि भरलेलं पोट, निम्मा वर्ग झोपतो.

गट चारचाच का, हे एक मांडणी जवळून पाहिली की पटतं. रंगीत सावल्यांची मांडणी बऱ्याच केंद्रांत असते. पांढरी भिंत आणि तिच्यासमोर थोड्या थोड्या अंतरावर तीन दिवे: लाल, हिरवा, निळा. तिन्हींचा प्रकाश एकत्र पडतो तिथे भिंत पांढरी दिसते. इथेच मुलं पहिल्यांदा अडखळतात, कारण रंगपेटीतले हे तीन रंग एकत्र केले की मळकट चॉकलेटी होतं, हे त्यांनी हातांनी करून पाहिलेलं असतं. आता एक मूल मध्ये हात धरतं. भिंतीवर एका हाताच्या तीन सावल्या पडतात आणि त्यांतली एकही काळी नसते. एक आकाशी, एक किरमिजी, एक पिवळी. लाल दिव्याचा प्रकाश जिथे अडला तिथे हिरवा आणि निळा पोचतोच, त्यांचा मिळून आकाशी होतो. हिरवा अडला की किरमिजी, निळा अडला की पिवळा.

बहुतेक गट इथपर्यंत दोन मिनिटांत पोचतात आणि निघायला बघतात. त्यांना तिथे थांबवणारा प्रश्न साधा आहे: एकूण किती रंगांच्या सावल्या पाडता येतात? हात हळूहळू भिंतीकडे नेला की सावल्या एकमेकींवर सरकतात. दोन सावल्या जिथे एकमेकींवर येतात तिथे उरलेल्या एकाच दिव्याचा रंग दिसतो, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे आणखी तीन मिळाले. हात भिंतीच्या अगदी जवळ गेला की तिन्ही सावल्या मध्यभागी एकत्र येतात आणि काळा रंग दिसतो. झाले सात. आता तळहाताऐवजी पेन्सिल धरून बघा. पेन्सिल इतकी बारीक असते की भिंतीला टेकत आणेपर्यंत तिच्या तीन सावल्या सुट्याच राहतात, म्हणून तीनच रंग मिळतात. का, हे एखाद्या गटाने स्वतः शोधून काढलं तर त्या गटाची सहल सार्थकी लागली, मग त्यांनी बाकी काहीही पाहिलेलं नसो.

आणि याच मांडणीसमोर वीस मुलं एकदम उभी केली तर? सगळ्यांची डोकी, हात, खांदे प्रकाशात येतात, भिंतीवर नुसता रंगीबेरंगी गोंधळ दिसतो. एकाच्या हाताची सावली कोणती हे कोणालाच कळत नाही. मागे उभी राहिलेली पंधरा मुलं ढकलाढकली करतात आणि दोष त्यांच्यावर येतो. इथे चूक गटाच्या आकाराची असते.

मुलांनी मांडणीपाशी नेमकं करायचं काय, यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियमने तयार केलेली एक पद्धत मला सगळ्यांत उपयोगी वाटते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयातल्या संशोधकांनी तिथे येणाऱ्या गटांसाठी एक खेळ बनवला. त्याला मराठीत 'रसाळ प्रश्न' म्हणू. आधी दोन-तीन मिनिटं मांडणी नुसती खेळून बघायची. मग सगळ्यांनी हात काढायचे आणि प्रत्येकाने एक प्रश्न सांगायचा. त्यांतून असा एक निवडायचा ज्याचं उत्तर गटात कोणालाच ठाऊक नाही आणि जे इथेच, या मांडणीवर करून बघता येईल. मग तो तपासायचा. शेवटी पुन्हा थांबून काय सापडलं ते एकमेकांना सांगायचं. सगळं मिळून बारा मिनिटांत बसतं. "प्रकाश कशाचा बनलेला असतो?" हा प्रश्न मोठा आहे, पण इथे रसाळ नाही, कारण भिंतीवर हात धरून त्याचं उत्तर मिळणार नाही. "एका दिव्यावर हात झाकला तर किती रंग उरतील?" हा रसाळ.

याच संशोधकांचा दुसरा खेळ म्हणजे 'हात वर'. गटातल्या कोणालाही कधीही 'हात वर' म्हणता येतं. म्हटलं की सगळ्यांनी मांडणीवरून हात काढायचे आणि म्हणणाऱ्याचं ऐकायचं: काहीतरी सापडलंय, किंवा काहीतरी करून बघायचंय. धीट मुलं कळ ताब्यात घेतात आणि शांत मुलं मागे उभी राहतात, हे प्रत्येक गटात घडतं. हा एक शब्द शांत मुलांच्या हाती अधिकार देतो.

पण हे खेळ त्या गजबजाटात पहिल्यांदा शिकवायला जाऊ नका. आधीच्या आठवड्यात वर्गात एकदा सराव घ्या. दोरा आणि एक जड नट पुरे. दोऱ्याची लांबी २५ सेंटिमीटर ठेवली की दहा पूर्ण झोके सुमारे १० सेकंदांत होतात, एक मीटर ठेवली की सुमारे २० सेकंदांत. लांबी टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची आणि झोका लहान ठेवायचा. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पटच का झाला? नट दोन बांधले तर काय होईल? मुलांना इथे दोन सवयी लागतात: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि करण्याआधी अंदाज बोलून दाखवायचा. एवढी शिदोरी घेऊन गेलेला वर्ग आणि थेट गेलेला वर्ग यांत फरक पहिल्या मांडणीपाशीच दिसतो.

कार्यपत्रिकेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रिकाम्या जागा भरायची चार पानी कार्यपत्रिका नेऊ नका. ती हातात आली की मुलं मांडणीकडे पाठ करून फलकावर तो नेमका शब्द शोधतात. सापडला की लिहितात, ओरडून मित्राला सांगतात, पुढे पळतात. शिवाय एका हातात पॅड आणि दुसऱ्यात पेन असेल तर मांडणी हाताळायची कशाने? त्याऐवजी गटाला मिळून एका मांडणीसाठी एक जाड कार्ड आणि एक पेन्सिल द्या. त्यावर तीनच जागा ठेवा: आमचा प्रश्न, आम्ही काय बदलून पाहिलं (निदान दोन वेळा), काय दिसलं (चित्र चालेल). लिहिणारा प्रत्येक मांडणीला बदलायचा. कार्डावर गुण देऊ नका. गुण आले की मुलं ठाऊक असलेलेच प्रश्न लिहितात.

बरोबर येणारी मोठी माणसं हा सहलीचा सगळ्यांत नाजूक भाग. दोन गटांमागे एक मोठं माणूस, म्हणजे पंधरा गटांना आठ जण. त्यांच्याखेरीज एक समन्वयक, ज्याच्याकडे एकही गट नाही. हरवलेलं पाकीट, पोटात दुखणारं मूल, बंद पडलेली मांडणी, हे सगळं त्याने बघायचं. एका माणसाचे दोन्ही गट शेजारच्या मांडण्यांवर ठेवा, नाहीतर तो तेवढा वेळ फक्त ये-जा करेल.

या मंडळींकडून दोन चुका होतात आणि दोन्ही मायेपोटी. एक, मूल चाचपडतंय असं दिसलं की ते स्वतः पुढे होऊन करून दाखवतात. दुसरी, फलक मोठ्याने वाचून उत्तर सांगून टाकतात. त्यांना निघण्याआधी दहा मिनिटं बसवून तीन वाक्यं द्या: "काय बदललं?", "आता काय होईल असं वाटतं?", "एकच गोष्ट बदलून बघूया का?" आणि एक सूचना द्या, विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते थांबणं तीन सेकंदांवर किंवा त्यापुढे नेलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. दालनातल्या गोंगाटात तर पाच सेकंद थांबलेलं बरं. फलक वाचायला हरकत नाही, पण तपासून झाल्यावर, शेवटी. तेव्हा तो मुलांना आपल्या सापडण्याशी ताडून बघता येतो.

वेळेचा आराखडा साधारण असा: उतरणं, स्वच्छतागृह, दप्तरं आणि मोजणी २० मिनिटं, मोकळं फिरणं २०, तीन मांडण्या प्रत्येकी १२ मिनिटं आणि मध्ये हलायला तीन-तीन, म्हणजे ४५ मिनिटांत उरकतं, मग खाणं आणि बसणं २५, त्यानंतर अर्धा तास, ज्यात प्रत्येक गट दुसऱ्या एका गटाला आपल्या आवडत्या मांडणीवर नेऊन ती 'शिकवतो' आणि उरलेल्या वेळात मोकळा फिरतो, शेवटी मोजणीला १५. अडीच तासांच्या आसपास होतं. याहून जास्त ताणू नका. बेंजामिन इव्हज गिलमन यांनी १९१६ मध्येच 'संग्रहालयाचा थकवा' यावर लिहिलं होतं, तेही शांत, काचेच्या कपाटांच्या संग्रहालयांबद्दल. इथे तर आवाज, उभं राहणं आणि सतत हालचाल. शेवटच्या तासात मुलं चिडचिडी होतात ती दमल्यामुळे. खाण्याआधी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा; प्रत्येक हँडलला त्या दिवशी शेकडो हात लागलेले असतात.

गर्दी खेचणाऱ्या मांडण्या, म्हणजे फिरती खुर्ची, मोठा साबणाचा पडदा, केस उभे करणारं विद्युत यंत्र, या ठरवलेल्या तीनांत घेऊ नका. तिथे बारा मिनिटांतली दहा रांगेत जातात. मोकळ्या वेळेसाठी त्या ठीक आहेत. फिरत्या खुर्चीवर एक नियम मात्र पक्का करा: खुर्ची पूर्ण थांबून दहा सेकंद झाल्याशिवाय उतरायचं नाही. हात आत घेतले की वेग एकदम वाढतो आणि चक्कर उतरल्यावर जाणवते. मुलं पडतात ती तेव्हाच.

आरोग्याची माहिती पालकांकडून लेखी घ्या आणि ती मांडण्यांशी जुळवून बघा, नुसती फाइलला लावू नका. कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असलेल्या मुलाने स्थिर विजेच्या यंत्राला आणि जोरदार चुंबकांना हात लावायचा नाही. पेसमेकर असलेल्या मोठ्या माणसांनाही तेच लागू. अपस्माराचा त्रास असलेल्या मुलाला लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या खोलीपासून दूर ठेवा. दम्याचा पंप त्या गटाच्या मोठ्या माणसाच्या खिशात हवा, बसमधल्या पिशवीत राहिला तर त्याचा उपयोग नाही. आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी कान झाकायची साधनं न्या आणि एक शांत कोपरा आधीच्या भेटीतच हेरून ठेवा. शक्य असेल तर त्याच्या गटाला दालनाच्या कडेची मांडणी द्या.

मोजणी चार वेळा: बसमध्ये बसल्यावर, आत शिरल्यावर, खाण्यानंतर, निघण्याआधी. डोकी मोजू नका, गटप्रमुखांना हाक मारा. "गट सात, चौघं" असं उत्तर आलं की पुढे. हलती डोकी मोजताना चूक होते, चौघांच्या गटात एक नसेल तर ते लगेच कळतं. मनगटावरच्या पट्टीवर मुलाचं नाव लिहू नका, शाळेचा संपर्क क्रमांक पुरे. चुकलेल्या मुलासाठी नियम एकच: जिथे लक्षात आलं तिथेच थांबायचं, गणवेशातल्या कर्मचाऱ्याला सांगायचं, शोधत फिरायचं नाही.

परतल्यावर दोन दिवसांच्या आत एक तास राखून ठेवा. सहलीवर निबंध लिहायला लावू नका. "आम्ही सकाळी लवकर उठलो" यापलीकडे तो जात नाही. कार्डं परत वाटा आणि प्रत्येक गटाला तीन मिनिटं द्या: प्रश्न काय होता, काय केलं, कोणता अंदाज चुकला. चुकलेला अंदाज विचारायचाच, कारण तिथे मुलं खरं बोलू लागतात.

मग जमलं तर एक मांडणी वर्गात उभी करा. सावल्यांचीच घ्या. तीन सारख्या टॉर्च, लाल, हिरवा, निळा जिलेटिन कागद, पांढरी भिंत किंवा चादर. टॉर्च एकमेकींपासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि भिंतीपासून दीड मीटरवर ठेवा, तिघींचा झोत एकाच जागी पडू द्या. खोली खरोखर अंधारी हवी, पडदे ओढून भागत नाही. जिलेटिनचा एक पदर बहुधा पुरत नाही. त्यातून इतर रंगही झिरपतात आणि सावल्या फिकट दिसतात, तेव्हा दोन-तीन पदर लावा. निळा कागद प्रकाश जास्त अडवतो, त्यामुळे भिंत पांढरी न दिसता पिवळसर दिसेल. निळी टॉर्च थोडी पुढे सरकवा. ती किती सरकवायची हे मुलांनाच ठरवू द्या, भिंत पांढरी दिसेपर्यंत.